नुसती बघत उभी राहू नकोस

पोरी, आता परक्या शहरात राहायचंय तुला. घरात भावाशी भांडताना तुझा आवाज चार घरं ओलांडतो आणि चारचौघांत मात्र घशातच राहतो, म्हणून हे सांगून ठेवते.

१. कुणी संकटात दिसलं आणि "कुणीतरी केलाच असेल फोन" असं मनात आलं की आपण फोन करायचा — शेजारी उभा असलेलाही अगदी तेच म्हणत असतो. चाळभर कान, आणि उठायला कोण?

२. रांगेत कुणी घुसला, कामवालीला कुणी टाकून बोललं, तर तिथेच शांतपणे टोक — रांगेत न उठलेली जीभ रस्त्यावर कुठली उठायला!

३. भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज आला तर वाटी घे, बेल वाजव आणि विरजण माग. जाब विचारू नकोस — दार उघडायला गेलेला हात तेवढा वेळ तरी थांबतो, आणि बाहेर कुणाच्या कानावर जातंय हे त्या घराला कळतं. दुसऱ्या दिवशी ती मार खाणारी शेजारीण एकटी दिसली की "सहन का करतेस" असं विचारू नकोस, "रात्री-अपरात्री माझी बेल वाजव" एवढंच म्हण. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर काही बालंट येत नाही.

४. दार वाजवायची भीती वाटली तर नको वाजवूस, सरळ ११२ लाव — धाडस कमी पडलं तरी फोन पुरतो.

५. रेल्वेगाडीत कुणी मुलीला त्रास देत असेल तर आधी तिच्याशी बोल, "अगं, किती दिवसांनी! ये, इकडे बस." मग मदत मागताना बोट दाखवून माग, "निळ्या शर्टवाले काका, तुम्ही १३९ लावा" — गर्दीला मारलेली हाक कुणालाच लागत नाही.

६. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात न्यायला कचरू नकोस — मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं, मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.

७. व्हिडिओ काढलास तर पोलिसांना दे, ग्रुपवर टाकू नकोस — ज्याच्यावर बेतलं त्याला ते पुन्हा भोगावं लागतं.

८. आणि हे नीट ऐक. लहान लेकरावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर घरातलं थोरलं माणूस, अगदी मीसुद्धा, "घराण्याचं नाव जाईल" म्हणाले तरी गप्प बसायचं नाही — २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी लेकरापुढे घराणं कसलं घेऊन बसायचं?

पोचलीस की ११२, १३९, बायकांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८, चारही नंबर मोबाइलमध्ये घालून घे आणि मला तसं कळव.