गुरुजींचे गुपित

मुलांनो, शाळा सुटल्यावर गुरुजी कोठे जातात? प्रश्न ऐकून तुम्ही हसाल. पण पहिलीत होतात तेव्हा तुम्हांला खचितच वाटले असेल, की गुरुजी रात्रीही शाळेतच, नकाशांच्या कपाटाशेजारी कोठेतरी राहत असावेत. एखाद्या दिवशी तेच गुरुजी मंडईत पिशवी घेऊन वांग्यांचा भाव करताना दिसले, म्हणजे आपण खांबाआड लपतो आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी वर्गभर होते. वांगी सर्वच माणसे खातात. मग गुरुजींच्या वांग्यांचे एवढे नवल का वाटावे?

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात एक मुलगा असा होता, की त्याला हे नवल कधी वाटलेच नाही. त्याचे नाव एरिख केस्टनर. त्याचा जन्म १८९९ साली झाला. वडील खोगिरे करणारे कारागीर. परंतु स्वतःचा धंदा चालेना म्हणून ते कारखान्यात कामाला जात. मिळकत तुटपुंजी. त्यामुळे आईने घरातील खोली भाड्याने दिली, आणि भाडेकरू येत ते शाळामास्तर! एक गेले की दुसरे. गुरुजी न्याहारी कशी करतात, वह्या तपासताना कसे वैतागतात, हे सारे एरिखने शाळेत नाव घालण्यापूर्वीच पाहून घेतले होते. साहजिकच, आपणही शिक्षक व्हावे असे त्याच्या मनाने घेतले. १९१३ साली तो अध्यापक विद्यालयात दाखल झाला. मात्र तेथील शिस्त शाळेची नव्हती, लष्कराच्या छावणीची होती. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्याला सैन्यात जावे लागले. तेथून परत आल्यावर त्याने शिक्षक होण्याचा विचार सोडून दिला आणि तो लेखक झाला.

शिक्षक न झालेल्या या लेखकाने शिक्षकांवर जी गोष्ट लिहिली, तिचे नाव ‘उडता वर्ग’. हे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले. गोष्ट नाताळची, बर्फातली. आणि लिहायला बसले ते भर उन्हाळ्यात! उन्हाळ्यात बर्फ सुचावा कसा? मग त्सुगस्पिट्झ नावाच्या उंच पर्वताच्या पायथ्याशी एका कुरणात त्यांनी बैठक मांडली, आणि शिखरावरच्या बर्फाकडे पाहत लेखन चालविले. एदुआर्ड नावाचे एक वासरू तेथे त्यांच्या भेटीला येई, असे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे.

गोष्ट आहे एका वसतिगृहाच्या शाळेतील पाच मित्रांची. मार्टिन हुशार पण गरीब, जॉनी लेखक, माथियास दांडगा व सदा भुकेला, उली चिमुकला आणि भित्रा, सेबास्टियन तिरकस बोलणारा. त्यांचे जर्मन भाषेचे शिक्षक क्रॉयत्सकाम गुरुजी कधीही हसत नसत. एकदा वर्गातल्या टारगट मुलांनी उलीला कागदाच्या टोपलीत बसवून ती टोपली उंच टांगून ठेवली. इतक्यात गुरुजी आले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. जणू टोपलीत विद्यार्थी असणे हे रोजचेच, अशा थंड स्वरात त्यांनी चौकशी केली आणि टोपली उतरवायला लावली. मग साऱ्या वर्गाकडून त्यांनी एक वाक्य पाच वेळा लिहून घेतले. त्याचा आशय असा, की खोडी करणारा तेवढा दोषी असतो असे नाही. ती होऊ देणाराही दोषी असतो.

या गुरुजींचा मुलगा रूडी त्याच वर्गात शिकत असे. एके दिवशी दुसऱ्या शाळेच्या मुलांनी त्याला वाटेत पकडून तळघरात डांबले, आणि तो घरी नेत असलेल्या शुद्धलेखनाच्या वह्या जाळून टाकल्या. (वह्या जळाल्याचे वर्गाला फारसे दुःख झाले नसावे!) मित्रांनी हिमगोळ्यांची लढाई करून रूडीला सोडविले. दुसऱ्या दिवशी क्रॉयत्सकाम गुरुजींनी भर वर्गात आपल्या मुलाला बजावले, की तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग आणि तुझ्यावर अधिक लक्ष ठेवायला सांग. रूडीनेही मोठ्या अदबीने निरोप पोचवण्याचे कबूल केले.

परंतु गोष्टीतले खरे कोडे निराळेच आहे. शाळेजवळच्या बागेत आगगाडीचा एक जुना डबा उभा होता, आणि त्यात एक गृहस्थ एकटेच राहत. डब्यावर ‘धूम्रपान न करणाऱ्यांसाठी’ अशी पाटी असल्यामुळे मुलांनी त्यांचे नाव ठेवले ‘निर्धूम’. गंमत अशी, की हे निर्धूम स्वतः धूर काढण्यात पटाईत होते. ते फुलझाडे लावीत, पुस्तके वाचीत आणि रात्री एका खानावळीत पियानो वाजवून पोट भरीत. ते कोण, कोठले, येथे का आले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुले मात्र अडचण आली की त्यांचा सल्ला घ्यायला धावत.

लढाईच्या दिवशी मुले परवानगीवाचून शाळेबाहेर गेली, ती परतताच पकडली गेली. त्यांना वसतिगृहाच्या प्रमुखांपुढे उभे करण्यात आले. त्यांचे नाव ब्योक; मुले त्यांना ‘युस्टुस’, म्हणजे न्यायी, म्हणत. त्यांनी सारी हकीकत ऐकली. सुट्टीनंतरची एक मोकळी दुपार रद्द, अशी शिक्षा सांगितली. आणि त्याच दुपारी माझ्या खोलीवर कॉफीला या, असे आमंत्रणही देऊन टाकले! मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली.

याच शाळेत पूर्वी एक मुलगा होता. त्याची आई फार आजारी पडली. विचारावे तर त्या वेळचे प्रमुख कठोर. म्हणून तो न विचारताच पळत तिला भेटायला जाई. एकदा तो पकडला गेला आणि त्याला कोठडीची शिक्षा झाली. पण कोठडी उघडून पाहतात, तो आत दुसराच मुलगा बसलेला! आईकडे जाता यावे म्हणून मित्राने आपली जागा बदलून घेतली होती. ज्याच्याजवळ मन मोकळे करता येईल असे माणूस या शाळेत असायला हवे होते, हे त्या पहिल्या मुलाच्या मनाला फार लागले. त्याने निश्चय केला, की मोठेपणी याच शाळेत येऊन आपण ते माणूस व्हायचे. तो मुलगा म्हणजे स्वतः ब्योक गुरुजी. आणि तो मित्र? तो पुढे डॉक्टर झाला. पण बायको आणि मूल दोघेही वारल्यावर तो कोठे निघून गेला, याचा पत्ता ब्योकांना कधीच लागला नव्हता.

मार्टिन आणि जॉनी यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे तो आगगाडीचा डबा उभा राहिला. त्यांनी गुरुजींना काहीही न सांगता बागेपर्यंत नेले, डबा दाखविला आणि दोघा जुन्या मित्रांना समोरासमोर सोडून ते हळूच मागे फिरले. तेथे थांबून पाहण्याचा मोह किती झाला असेल! तरी ते थांबले नाहीत.

पुढे नाताळच्या सुट्टीत बहुतेक मुले घरी निघाली. मार्टिन मात्र राहिला. गाडीभाड्याला आठ मार्क लागत, आणि आईला जमले होते पाचच. तो हे कोणालाही सांगेना. ब्योकांनी त्याच्याकडून ते काढून घेतले आणि त्याच्या हातावर वीस मार्क ठेवले.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली होती. १० मे रोजी बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनीच मोठी होळी पेटवून तीत नावडत्या लेखकांची पुस्तके टाकली. केस्टनर यांची पुस्तकेही त्यांत होती, आणि ते स्वतः त्या गर्दीत उभे राहून पाहत होते. कोणीतरी त्यांना ओळखून त्यांचे नाव मोठ्याने उच्चारले. तेव्हा ते तेथून निघून गेले. आपल्या गुरुजींची ही गोष्ट त्यांनी त्याच वर्षी छापून प्रसिद्ध केली. पुढे १९५७ साली त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा घरातले ते भाडेकरू गुरुजीही त्यांत आवर्जून आणले.