चपटे मासे : पापलेट, लेप आणि पाकट यांचं वर्गीकरण



माशांच्या तक्त्याकडे बोट दाखवून "यातले चपटे मासे कोणते?" असं विचारलं, की बरीच मुलं पापलेट, लेप आणि पाकट एकाच गटात टाकतात. आपलं सोयगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. मुलांसमोर असतं ते फक्त चित्र. चित्रात पापलेट बाजूने काढलेलं असतं आणि पाकट वरून. कागदावर दोन्ही सारखेच रुंद दिसतात. तेव्हा "चूक!" म्हणून पुढे जाऊ नका. मुलांना दोन प्रश्न द्या.

प्रश्न १ : पाठ कुठे, पोट कुठे?

• पापलेट – समोरून पाहिलं तर उभी, अरुंद पट्टी. पाठ वरच्या कडेला, पोट खालच्या कडेला, दोन बाजूंना एकेक डोळा. म्हणजे ते दोन्ही बाजूंनी दाबलेलं आहे.

• लेप – हा समुद्राच्या तळाशी कुशीवर पडून असतो. वर दिसते ती त्याची पाठ नव्हे, एक बाजू आहे. पिल्लू असताना डोळे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो. म्हणून दोन्ही डोळे वरच्याच बाजूला दिसतात.

• पाकट – हे वरून खाली दाबलेलं. पाठ वर, पोट वाळूला टेकलेलं. डोळे वर आणि तोंड खाली.

करून बघा : मुलांना तळहात उभा धरायला सांगा, अंगठा वर. झालं पापलेट. तोच हात बाकावर आडवा ठेवा आणि दोन्ही डोळे मागच्या बाजूला पेनाने काढा. झाला लेप. पाकटासाठी मात्र एका मुलाला सतरंजीवर पालथं झोपवून हात पसरायला सांगा. फरक शब्दात सांगावाच लागत नाही.

प्रश्न २ : कल्ल्यांवर झाकण आहे का?

पापलेट आणि लेप यांच्या कल्ल्यांवर हाडांचं झाकण असतं. पाकटाला झाकण नसतं. पोटाच्या बाजूला फटींच्या दोन रांगा असतात, साधारण पाच-पाच. वाळूत बसलेलं पाकट डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेतं, कारण तोंड तर खाली दबलेलं!

पाकटाच्या सांगाड्यात हाडं नसतात, तो कूर्चेचा असतो. मुलांना कानाचा वरचा भाग वाकवून बघायला सांगा, कूर्चा कशी लवचीक असते ते लगेच कळतं.

झाकण बघायला समुद्रच हवा असं नाही. बाजारात आलेल्या रोहू किंवा कटल्याचं झाकण उचलून दाखवा. आत लाल कल्ले दिसतील. गोड्या पाण्यातला रोहूसुद्धा याबाबतीत पापलेटाचाच सोबती.

आता गट पाडू

अस्थिमत्स्य (हाडांचा सांगाडा, कल्ल्यांवर झाकण) : पापलेट, लेप, रोहू
कास्थिमत्स्य (कूर्चेचा सांगाडा, उघड्या फटी) : पाकट, मुशी

म्हणजे चपटं पाकट हे लांबोळ्या मुशीचं जवळचं नातेवाईक निघालं, आणि पापलेटाचं लांबचं! दिसणं सारखं असलं म्हणून नातं जवळचं असतं असं नाही, हीच या पाठातली मुख्य गोष्ट.

सरावासाठी

१. बोंबील इतका मऊ असतो, मग तो कोणत्या गटात? (अस्थिमत्स्य. हाडं मऊ असली तरी हाडंच आहेत.)
२. देवमाशाला कल्ले आहेत का? (नाहीत. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. म्हणून तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे.)
३. महाराष्ट्राचा राज्य मासा कोणता? (चंदेरी पापलेट, २०२३ पासून.)

उत्तर तपासताना फक्त गटाच्या नावाला गुण देऊ नका. "कशावरून?" हे नक्की विचारा. कारण सांगता आलं, की न पाहिलेला मासासुद्धा मूल योग्य गटात ठेवतं. पालकहो, पुढच्या वेळी घरी मासा आला तर तो साफ करण्याआधी पाच मिनिटं मुलांच्या हाती द्या.