पाण्यावरचा वारकरी

हिवाळ्यात आमचा वर्ग गुरुजींबरोबर वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाकाठी पक्षी पाहायला गेला. हळदीकुंकू बदके दिसली. चोच काळी, टोक पिवळे, मुळाशी तांबडे ठिपके. जवळच काळे पक्षी पोहत होते. त्यांच्या कपाळावर पांढरा टिळा होता.

मी विचारले, "गुरुजी, ही पण बदकंच ना?"

"नाही रे, हा वारकरी. पाणकोंबडीच्या कुळातला. बदकाच्या बोटांत सलग पडदा असतो, याच्या बोटांना सुट्या झालरी."

एकाने दगड उचलला. गुरुजींनी त्याचा हात धरला. वारकऱ्याला जागेवरून उडता येत नाही, आधी पाण्यावर लांब धावावे लागते. उगाच पळवला तर त्याचे खाणे राहते, ताकद वाया जाते.

मित्रांनो, पक्षी लांबूनच पाहा. दगड खालीच असू द्या.