पदवीनंतरच्या शिक्षणाला पैसा कुठून येतो?



१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद. घरात रुपया येत नाही आणि नेमकी तेव्हाच पोरांची फी भरायची असते. मागे आपल्या एका सभासदाने मुलाच्या एम.एस्सी.साठी नाव विकली. मला कळलं तोवर सौदा झाला होता. मुलाला बी.एस्सी.ला उत्तम मार्क होते, पण स्कॉलरशिपचा फॉर्मच कुणी भरला नव्हता. तेव्हापासून मनात होतं की हे एकदा लिहावं.

गरिबी बघून मिळते ती मदत वेगळी आणि मार्क बघून मिळते ती वेगळी. आपण "आपलं उत्पन्न बसत नाही" म्हणून दोन्ही सोडून देतो.

यूजीसीची पदव्युत्तर स्कॉलरशिप पदवीच्या मार्कांवर मिळते. महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने, म्हणजे दोन वर्षांत ३ लाख. देशभरात १०,००० जागा, त्यात ३० टक्के मुलींना. कॉलेज पूर्णवेळ हवं आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. आपल्या बरकतउल्ला विद्यापीठात प्राणिशास्त्र किंवा मत्स्यपालन शिकणाऱ्यांनी हे आधी बघावं.

ज्याने मत्स्यशास्त्राची पदवी, म्हणजे बी.एफ.एस्सी. केली (जबलपूरला कॉलेज आहे), त्याने आयसीएआरची प्रवेश परीक्षा द्यावी. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथे एम.एफ.एस्सी. होते. परीक्षेत वरचा नंबर आला तर महिन्याला १२,६४० रुपये. तो हुकला तरी आपलं राज्य सोडून शिकायला गेलेल्यांना ५,००० ची दुसरी स्कॉलरशिप आहे. तळ्यावर वाढलेल्या पोराला हा विषय परका नाही!

बारावीतल्या मुलांच्या आईबापांनीही वाचा. केंद्राच्या पीएम-यूएसपी योजनेत बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांना पदवीला वर्षाला १२,००० आणि पुढे पदव्युत्तरला २०,००० मिळतात. पण नाव पहिल्या वर्षीच लागतं. पुढे दरवर्षी नूतनीकरण, त्याला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी.

आता खरी अडचण होते ती खात्याची. पैसे आधारवरून येतात, आणि आधार शेवटचं ज्या खात्याला डीबीटीसाठी जोडलं त्याच खात्यात जातात. फॉर्मवर कुठलं पासबुक लावलं ते बघितलं जात नाही. एका मुलीचे पैसे असेच विसरलेल्या जुन्या खात्यात पडून राहिले. बँकेत जाऊन "डीबीटी कुठल्या खात्याला आहे" एवढं विचारा. नुसतं "आधार लिंक आहे का" विचारलंत तर ते हो म्हणतील.

उत्पन्नाचा दाखला, ज्याला इकडे आय प्रमाणपत्र म्हणतात, तो लोकसेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा. समग्र आयडीवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का तेही बघा.

यूजीसी आणि पीएम-यूएसपी या दोन्हींचा फॉर्म राष्ट्रीय स्कॉलरशिप पोर्टलवर फुकट भरता येतो. ज्यांचं मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे त्यांनी मार्कशीट, आधार आणि पासबुक घेऊन कार्यालयात यावं. मुलालाही बरोबर आणा, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येतो.

– सचिव