घेरा

आम्ही सक्करदऱ्याचे राहणारे. एकदा तळ्याच्या काठी चार पोरे मासे धरीत होती. जो तो आपला पंचा घेऊन वेगळा धावे. तासभर झाला, पण कोणाच्याच हाती काही लागेना. तेथे एक म्हातारे ढीवर बसले होते. ते आम्हाला म्हणाले, "गुरुजी, एकटा मांगं धावला तं मासा सटकते. घेरा लागते, घेरा!"

हा घेरा समुद्रातल्या प्राण्यांनाही ठाऊक आहे, बरे का!

आपल्या कोकणच्या समुद्रात डॉल्फिन आहेत. दापोली, मालवणकडे ते किनाऱ्याजवळ दिसतात. डॉल्फिन माशासारखा दिसतो, पण तो मासा नव्हे. तो पिलाला दूध पाजतो. श्वास घ्यायला पाण्यावर येतो. डॉल्फिन कळपाने राहतात. त्यांच्या काही जाती मिळून माशांना वेढा घालतात. मासे घाबरून एका जागी गोळा होतात. मग डॉल्फिन आत शिरून पोट भरतात.

देवमाशांची एक जात तर बुडबुड्यांचे जाळे करते! ते खालून गोल फिरत बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांच्या भिंतीत मासे कोंडतात. मग सगळे देवमासे तोंड उघडून एकदम वर येतात.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. दूर ब्राझील देशात लागुना नावाचे गाव आहे. तेथे शंभराहून अधिक वर्षे माणूस आणि डॉल्फिन मिळून मासे धरतात. कोळी जाळे घेऊन पाण्यात रांगेने उभे राहतात. डॉल्फिन माशांना त्यांच्याकडे हाकतात. मग डॉल्फिन एकाएकी बुडी मारतो. हीच खूण! त्याच क्षणी जाळे टाकायचे. आधी टाकले तर मासे फुटतात. उशीर झाला तरी हातचे जातात. जाळ्याला भिऊन मासे गोंधळतात, ते डॉल्फिनला सापडतात. दोघांचेही पोट भरते.

पण समुद्रातले मासेच कमी झाले तर ही भागीदारी तुटेल, अशी जाणत्यांना भीती वाटते. ताटात काही उरले, तरच वाटणी होते.

आमच्या पोरांनी मग दोन पंचे जोडले. दोघांनी ते धरले, दोघांनी मासे हाकले. थोडेच मिळाले, पण चौघांनी वाटून नेले.

प्रश्न : १. डॉल्फिन मासा का नव्हे? २. लागुनाचे कोळी जाळे केव्हा टाकतात? ३. तुमच्या गावात कोणते काम घेऱ्यावाचून होत नाही?