बिलांची छपाई मध्येच का थांबते?



पंधरवड्याची ऊस बिले काढताना गट ऑफिसातला प्रिंटर नेमका गर्दीतच थांबतो. पाच-दहा पावत्या बिनतक्रार निघतात. शेकड्याने काढायला लावल्या की अडतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण टनेज व कपाती कागद हातात असल्याशिवाय पडताळता येत नाहीत. वारणा खोऱ्यातील ७० गावांत १९९८ पासून तोडणी परवाना आणि वजनाचा तपशील गावातच कॉम्प्युटरवर मिळू लागला, तोही यासाठीच. तेव्हा घोडं कुठं पेंड खातं ते पाहू.

१) थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो : हे तापण्याचे लक्षण. आपल्याकडील ठोक्याच्या प्रिंटरच्या डोक्यात ९ किंवा २४ पिना असतात. त्या विजेच्या चुंबकाने हलतात व सतत छपाईने तापतात. विहिरीवरची मोटर तापली की स्टार्टर ट्रिप होतो, तसेच हे. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. बटणे दाबत बसू नये, गरम डोक्याला हात लावू नये. प्रिंटरभोवती हवा खेळती ठेवावी, वर फायली रचू नयेत.

२) कागद तिरका जाऊन अडकतो : कागदाचा गठ्ठा प्रिंटरच्या सरळ रेषेत, मोकळा ठेवावा. दोन्ही कडांची भोके दात्यांत समान बसवावीत. तीन प्रतींचा कागद असेल तर जाडीची खिट्टी त्याप्रमाणे सरकवावी. भुसा-धूळ मऊ ब्रशने झाडावी. सुकलेली, फाटकी रिबन बदलावी.

३) दर वेळी त्याच नावावर थांबतो : मग दोष प्रिंटरात नाही, त्या नोंदीत शोधावा.

४) कधीही, कुठेही थांबतो : केबल व वीज तपासावी.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सगळ्या गटाची बिले एकदम न सोडता गावनिहाय, पन्नास-पन्नास काढावीत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. थांबल्यावर पुन्हा पहिल्यापासून छपाई केली तर एकाच बिलाच्या दोन प्रती निघतात आणि हिशेबाचा घोळ होतो. शेवटचा पूर्ण निघालेला नंबर लिहून ठेवावा, पुढच्यापासून सुरू करावे. अर्धवट निघालेल्या कागदावर 'रद्द' लिहावे.

सभासदांनीही बिल घेताना बिल नंबर व वजन आपल्या काट्याच्या पावत्यांशी तिथल्या तिथे ताडून पाहावे. कागद उशिरा मिळाला तरी चालेल, चुकीचा नको.

— ऊस विकास अधिकारी