लुळा हात रिकामा ठेवू नका

‘बाबांच्या अंगावरून वारं गेल्याला चार महिने झाले. आता आणखी किती सुधारतील, की आहे ते एवढंच?’ अशा अर्थाची पत्रं या सदराकडे वरचेवर येतात. पुढे बहुतेक वेळा एक वाक्य असतं: ‘आम्ही त्यांना काहीएक करू देत नाही, सगळं जागेवर देतो.’ लिहिणारा ते समाधानाने लिहितो, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते.

आधी वारं जातं, म्हणजे पक्षाघात होतो, तेव्हा आत काय घडतं ते बघू. मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान, म्हणजे शरीराच्या साधारण दोन टक्के. पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन हा एकटा घेतो आणि शिल्लक काही ठेवत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्यावर अवलंबून असलेल्या मेंदूचा मधला भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या कडेचा भाग मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तग धरून असतो. काम बंद, पण जीव शाबूत. आम्हा डॉक्टरांची सगळी धावपळ असते ती या कडेच्या भागासाठी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढायची सोय काही रुग्णालयांत असते. निवडक रुग्णांना ती २४ तासांपर्यंतही उपयोगी पडते, पण उशीर जितका कमी तितकं हाती जास्त लागतं.

म्हणून तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं जड झालं, की १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. सुरुवात किती वाजता झाली ते लक्षात ठेवा. झोपेतून उठल्यावर दिसलं असेल तर रात्री शेवटचे धड कधी होते ते सांगा. घोटभर पाणीसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. ॲस्पिरिनही देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि कबुतराचं रक्त चोळणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका. अजूनही नेतात! रक्त कातडीला लागतं, बिघाड कवटीच्या आत असतो, आणि हातातले तास मात्र गेलेले असतात.

आता मूळ प्रश्न. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग माणूस सुधारतो कसा? पहिल्या काही आठवड्यांत सूज ओसरते, दुखापतीपासून दूर असलेले पण धक्क्याने गप्प झालेले भाग जागे होतात. ही सुधारणा बरीचशी आपोआप होते. पुढची मात्र कमवावी लागते. वाचलेल्या पेशी नव्या शाखा फोडतात, एकमेकींशी नवे जोड करतात आणि गेलेल्या भागाचं काम थोडंथोडं उचलतात. कोणतं काम उचलायचं, हे त्यांना वापरावरून कळतं.

अमेरिकेतल्या रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतल्या हात चालवणाऱ्या भागात छोटीशी इजा केलेली. ज्या माकडांना सराव दिला नाही, त्यांच्यात इजेच्या शेजारचा, धडधाकट असलेला हाताचा भागही आक्रसला आणि तिथे कोपर-खांद्याचं काम शिरलं. पडीक रान दिसलं की शेजारी बांध कोरतो, तसंच हे. ज्यांच्याकडून रोज बोटांनी बारीक खाऊ उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांचा तो भाग टिकला. काहींत तर तोच पसरला.

माणसांत काय दिसलं? पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ साली आला. चांगल्या हाताला दिवसाचा बहुतेक वेळ जाड हातमोजा घालून अडवून ठेवला आणि दोन आठवडे लुळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा हात चांगला चालू लागला, आणि वर्षानंतरही तो फरक कायम होता. ही पद्धत सगळ्यांना लागू नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. पण ‘चार महिने झाले, आता संपलं’ या समजाला यातून उत्तर मिळतं. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, नंतर मंदावतो. सुधारणा थांबते असं नाही.

म्हणूनच ‘काहीएक करू देत नाही’ हे वाचून मला धास्ती वाटते. फिजिओथेरपिस्ट येतो आणि तासाभरात जातो. उरलेला दिवस तुमच्या हातात असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींच्या उजव्या हाताची बोटं मिटायची, उघडायची नाहीत. पक्षाघातात हे फार दिसतं. सुनेने त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवायला सुरुवात केली. डाव्या हाताने देठ धरायचा, उजव्या हाताने पान खुडायचं. पान सोडण्यासाठी अंगठा बाजूला घ्यावा लागतो, आणि तेच तर त्यांना जमत नव्हतं. एका जुडीला दुपार जायची, निम्मी पानं चुरगळायची, भाजी कधीकधी रात्री व्हायची. सुनेने घाई केली नाही, ही त्या घरातली खरी शुश्रूषा.

तुमच्या घरी मेथी नसेल तर शेंगा सोला, डब्याचं झाकण उघडा, शर्टाची बटणं लावा. थोडं अवघड पण अगदी अशक्य नाही, असं काम निवडा आणि दिवसातून अनेकदा, थोडं थोडं करा. आजाराच्या पहिल्याच दिवशी मात्र दामटून चालवायला जाऊ नका. पहिल्या २४ तासांत जास्त जोर लावला तर नुकसान होतं, हेही अभ्यासात दिसलं आहे. रुग्णाला उठवताना लुळा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. तिथले स्नायू सैल असतात, खांदा खोबणीतून खाली उतरतो. एकदा खांदा दुखू लागला की माणूस व्यायामाचं नावच काढू देत नाही.

बोलणं गेलेल्यांविषयी. ‘चहा’ म्हणता येत नाही, पण आरती पाठ म्हणतात, एक ते वीस आकडे सरळ म्हणतात, आणि शिवी तर खणखणीत देतात. घरच्यांना वाटतं, हे सोंग करतात. सोंग नव्हे. पाठ झालेलं, सुरातलं आणि रागातलं बोलणं मेंदूत बरंचसं वेगळ्या वाटेने येतं. ठरवून शब्द शोधण्याची वाट बंद असते. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा, हो-नाहीचे प्रश्न विचारा, वस्तू समोर धरा. वाचा-उपचार तज्ज्ञ जवळ असेल तर जरूर गाठा. काही रुग्णांना सुरात म्हणायला लावून शब्दापर्यंत आणता येतं.

रुग्ण सारखा रडतो, चिडतो, व्यायाम नको म्हणतो, त्याला आळशी ठरवू नका. पक्षाघातानंतर तिघांतल्या साधारण एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. झोपही पुरेशी हवी; दिवसाचा सराव मेंदू झोपेत पक्का करतो.

स्टेम सेल उपचाराच्या जाहिराती बऱ्याच वाचकांनी कापून पाठवल्या आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर संशोधनात देता येतो, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

दुसरा झटका टाळणं तर सगळ्यांत महत्त्वाचं. तंबाखू आणि मिश्री बंद. लोणचं-पापड ताटातून काढा. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडणारे मला दर आठवड्याला भेटतात. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं. तपासणीला येताना चालू आणि संपलेली, सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. ‘ती पांढरी, बारकी गोळी’ एवढ्यावरून कुठल्याही डॉक्टरला औषध ओळखता येत नाही.